चेनीवरचा गेरू

चौदाव्या किकला गाडी सुरू झाली, आणि सुरू झाली म्हणूनच सूर्यभानला जास्त राग आला. नसती झाली तर मोकळं होऊन शिव्या घालता आल्या असत्या. ही सुरू व्हायची, दमेकऱ्यासारखी धापा टाकायची, सायलेन्सरमधून फट् करून हवा सोडायची. मूठ पिळली की आवाज वाढायचा, जोर नाही. थोड्या वेळानं गाडीच मेली.

त्याची बायको योगिनी पत्र्याखाली जुन्या टायरवर बसली होती. मांडीवर थर्मोकोलचा डबा, डब्यात बर्फ, बर्फात मेंढ्यांच्या देवीची लस. डब्याच्या कोपऱ्यातून पाणी ठिबकत तिच्या साडीवर डाग पडत होता. साडेबारा वाजले होते.

"यष्टीनं जा की," ती म्हणाली.

"यष्टी पैठणला सोडंल. पुढं सतरा किलोमीटर धरणाच्या पोटातून कोण नेईल, तुझा मामा?"

"मामा नेईल बी. त्याची गाडी चालती."

सूर्यभाननं मागं वळून बघितलं. त्याच्या गॅरेजात आणखी तीन गाड्या होत्या, गिऱ्हाइकांच्या, पण तिन्हींची इंजनं खाली उतरवलेली.

त्याचा बाप कडुबा ऐंशी मेंढरं घेऊन जायकवाडीच्या काठावर बसला होता. पाणी मागं सरलं की गाळावर थोडं हिरवं उगवतं, तेवढ्यावर. दोन दिवसांपूर्वी शेजारच्या कळपात देवी आल्या. जनावरांना टोचणारा सर्जेराव सुया घेऊन तिथं पोचलाय, लस मात्र शहरातून न्यायची. त्यानं फोनवर बजावलं होतं, "तीनपत्तुर थांबतो. मला पुढचं गाव हाय. आन् बर्फ इरघळलेली लस मी टोचणार नाय, आधीच सांगतो."

चिकलठाण्यात आज जिथं हे गॅरेज आहे तिथं कधीकाळी कडुबाचीच मेंढरं बसायची. आता तिथं चार मजली इमारती. नावात हिरवळ, आवारात एक पान नाही, दारात दिवसाला सहा टँकर. त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी गेलं ते पेपरात आलं. कडुबा मेंढरांना घेऊन पाण्यामागं साठ किलोमीटर पायी गेला ते कुणी छापलं नाही. कशाला छापतील? मेंढरं मत देत नाहीत.

फोन वाजला. कडुबाच.

"निघालास का रं सूर्या?"

"निघालोच आबा."

"सकाळधरनं निघालाच हायेस तू," म्हणून म्हाताऱ्यानं फोन ठेवला.

सूर्यभाननं तिसऱ्यांदा इंजनाच्या हेडचं झाकण खोललं. आठवडाभर गाडी ओढत नव्हती. सकाळी इंजन उघडलं तेव्हा टायमिंगची चेन ताणून धरणारा टेन्शनर गेलेला सापडला. नवा बसवला. चेन कशी सुतासारखी ताणली. तरी दुखणं तेच.

खरं तर चूक व्हायला जागाच नव्हती. इंजन उघडायच्या आधी तो चेनीवर आणि वॉलच्या झडपा उघडमिट करणाऱ्या कॅमच्या चक्रीवर गेरूची खूण करायचा. गेरू घरचा, मेंढरांच्या पाठीवर लावायचा तोच. पाण्यावर दोन कळप एकमेकांत घुसले की ज्याची खूण त्याचं मेंढरू, मग कुणाचा बाप येऊ दे. खूण सुटली की मेंढरू गेलं, हे कडुबानं त्याला चालता यायच्या आधी शिकवलं होतं. इंजनालाही तो तोच कायदा लावायचा. उघडताना खूण करायची, बसवताना खुणेला खूण भिडवायची. दहा वर्षं कायदा चालला होता.

आताही खुणा केसभर हललेल्या नव्हत्या. त्यानं योगिनीला बोलावून दाखवल्या, जसं काही तिनंच आरोप केला होता.

"बघ. हिला ही लागली का नाय?"

"लागली."

"मंग?"

योगिनी डबा सांभाळत वाकली. "खुणा कवा केल्या तुम्ही?"

"सकाळी. खोलायच्या आधी."

"तवा गाडी नीट चालत व्हती का?"

"नीट चालत असती तर खोलली कशाला असती?"

तिनं गेरूच्या खुणेवर बोट ठेवलं. मग त्याच्याकडं बघितलं. आणि सूर्यभानच्या हातातला पाना हातातच राहिला.

ढिली चेन आठवड्यापूर्वीच दात सोडून उडी मारून बसली असणार. आणि यानं सकाळी त्या बिघडलेल्या जागेवर आपल्या हातानं गेरू लावला, मग दोनदा तीच चूक काळजीनं जागच्या जागी बसवली. कुणाला तरी हाणावं असं त्याला वाटलं. पण दुष्काळाला हाणता येत नाही, इमारतींना हाणता येत नाही, आणि या कामात त्या दोघांचा हात नव्हता.

"घासलेट दे," तो म्हणाला.

त्यानं चक्रीवरचा आणि चेनीवरचा गेरू चिंधीनं पुसून काढला. मग इंजनाच्या बाजूच्या दोन्ही टोप्या खोलून पान्यानं आतलं मॅग्नेटचं चाक हळूहळू फिरवलं. त्यावर कंपनीनं कोरलेली इंग्रजी टीची रेघ टोपीच्या भोकातल्या खाचेसमोर आणली, म्हणजे पिस्टन बरोबर वर. या घडीला कॅमच्या चक्रीवरची रेघ हेडच्या काठाला सरळ पाहिजे. ती तिरपी होती. एक दात.

"येवढ्याशानं?" योगिनी म्हणाली.

"वॉल उघडायच्या टायमाला उघडत नाय. भूक लागल्यावर दार बंद, पोट भरल्यावर ताट पुढं."

"आपल्या नळावाणी."

टेन्शनर ढिला केला, चक्रीचे बोल्ट काढले, चेन एक दात सरकवली, बोल्ट हातानं बसवले, टेन्शनर परत ताणला. टीची रेघ पुन्हा बघितली. वॉल दाबणारे दोन्ही रॉकर बोटानं हलवले, किंचित खुळखुळले, म्हणजे दोन्ही वॉल बंद. घाई अंगात मुंग्यांसारखी चढत होती, तरी त्यानं पान्यानं इंजन पुरे दोन वेढे फिरवलं. कुठं अडलं नाही. दोन्ही रेघा परत आपापल्या जागी आल्या. तेव्हाच बोल्ट पक्के आवळले.

दुसऱ्या किकला गाडी पेटली, आणि मूठ पिळल्यावर मागचं चाक जाग्यावर उड्या मारायला लागलं. योगिनीनं डबा सुतळीनं मागच्या सीटवर आवळला, वर ओला टॉवेल टाकला. एक वाजून पाच मिनिटं.

तीनला दहा कमी असताना तो गाळाच्या भेगांमधून गाडी नाचवत कळपापाशी पोचला. सर्जेराव आपल्या गाडीवर बसून किल्ली फिरवत होता. त्यानं झाकण उघडलं, पाण्यात बोट घातलं. लिंबाएवढे चार खडे तरंगत होते.

"गार हाय," तो म्हणाला आणि सुया काढल्या.

कडुबानं पोराला पाणीसुद्धा विचारलं नाही. टोचलेलं जनावर ओळखू यावं म्हणून तो गेरूचं वाडगं घेऊन पुढं झाला, आणि घाईघाईनं समोरच्या मेंढरांच्या कपाळावर बोटं ओढत सुटला. सर्जेराव अजून सुई भरत होता.

सूर्यभाननं बापाचं मनगट धरलं.

"आबा, आधी टोचू द्या. मंग खूण."

"तू शिकवणार मला?"

"व्हय," सूर्यभान म्हणाला, आणि खूण झालेली तीन मेंढरं शोधायला कळपात घुसला.