वरच्या पायरीखालचा एक्सलंट

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे आणि स्वभावाने खुनशी आहे. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कोणी तक्रार करायला नको. माझ्या तोंडावर एकच शब्द कोरलेला आहे, 'एक्सलंट'. इतका गोड शब्द तोंडावर असताना पोटात एवढे विष कुठून आले, तेच आज सांगतो.

माझा जन्म एका शिक्केवाल्याच्या टेबलावर झाला. लाकडी शिड्यांच्या कारखान्याचे मालक त्याच्याकडे तीन शिक्के करून घ्यायला आले होते. साध्या शिडीसाठी 'गुड', बऱ्यापैकी शिडीसाठी 'फाइन' आणि तिसरा शिक्का सगळ्यांत चांगल्या शिडीसाठी. त्याच्यावर काय लिहावे ते त्यांना ठरवता येईना.

"बेस्ट करू का?" शिक्केवाल्याने विचारले.

"नको. बेस्ट म्हटलं की संपलं. सुताराला पुढे जागाच उरत नाही."

"मग एक्सलंट घ्या. भारदस्त आहे."

असा मी झालो. गुड आणि फाइन हे माझे थोरले भाऊ. आम्हा तिघांना लाकडी मुठी बसवल्या आणि कारखान्यात आणून तपासणीच्या काकूंच्या हाती दिले.

काकू अंगाने चांगल्या भरलेल्या होत्या. त्याचा त्यांना अभिमान होता. "मला पेलेल ती शिडी कोणालाही पेलेल," असे त्या म्हणत. शिडी भिंतीला टेकवून उभी करायच्या, पदर खोचायच्या आणि चढायला लागायच्या. प्रत्येक पायरीवर दोन्ही पायांनी एक उडी मारायच्या आणि कान देऊन ऐकायच्या. कुठे कुरकुर ऐकू आली की शिडी परत सुताराकडे. अशा उड्या मारत त्या वरच्या टोकाला पोहोचल्या, की ॲप्रनच्या खिशातून आम्हा तिघांपैकी एकाला काढत. तोंडाजवळ धरून 'हाऽ' करून ऊब देत आणि सगळ्यांत वरच्या पायरीच्या पोटाला शिक्का उमटवत. शिडी जमिनीवर आडवी पाडून तिथे शिक्का मारणे सहज शक्य होते. पण काकूंच्या डोक्यात तसले काही यायचे नाही.

दिवसाला चाळीस शिड्या व्हायच्या. त्यांत माझी पाळी एखाददुसऱ्या वेळीच यायची. बाकी वेळ मी खिशात ऐटीत पडून असायचो. सुतार खालून ओरडायचे, "काकू, आज तरी एक्सलंट द्या की!"

"मी कोण देणारी? शिडी देईल," काकू वरून म्हणायच्या.

एका उंच सुताराला सगळे लंबू म्हणत. त्याला पहिला एक्सलंट मिळायला चौदा महिने लागले. त्या दिवशी तो आपल्या बायकोला कारखान्यात घेऊन आला आणि तिला शिडीवर चढवून वरच्या पायरीखाली मान वाकडी करून माझा ठसा पाहायला लावला. ती उतरल्यावर लंबूने डोळे पुसले. मित्रांनो, तेव्हा मी खुनशी नव्हतो. उलट फार सुखात होतो.

मग मालकांचे गुडघे धरले आणि कारखाना त्यांचे जावई पाहू लागले. पांढरा शुभ्र शर्ट, चकचकीत बूट. आल्या दिवशी त्यांनी आम्हा तिघांना टेबलावर मांडले आणि नाक मुरडले.

"गुड? आजकाल गुड म्हटलं की लोक समजतात, काहीतरी खोट आहे. फाइन म्हणजे तर तब्येत विचारल्यासारखं वाटतं."

माझे दोन्ही भाऊ गंजक्या खिळ्यांच्या डब्यात गेले. पुन्हा कधी बाहेर आले नाहीत. मी मनात पहिली गाठ मारून ठेवली.

दुसऱ्या आठवड्यात नवे शिक्के आले. सुपर्ब, मार्व्हलस आणि मॅग्निफिसंट. चकाकत्या प्लॅस्टिकचे, पोटातच शाई भरलेले, दाबले की टुणकन उडणारे. मॅग्निफिसंट इतका लांबडा होता की शिडीच्या दांड्यावर मावेना, शेवटची दोन अक्षरे हवेतच उमटायची. तरी तोरा काय! चार दिवसांत तिघांचीही स्प्रिंग मोडली आणि सगळा भार पुन्हा माझ्यावर आला. ते मोडले तेव्हा मला वाईट वाटायला हवे होते, पण अजिबात वाटले नाही.

जावयांनी फर्मान काढले, की प्रत्येक शिडीवर एक्सलंट, आणि तोही खाली, उभ्या दांड्यावर, म्हणजे दुकानात गिऱ्हाइकाला दिसेल. शिवाय दिवसाच्या सगळ्या शिड्या दोन तासांत उरकायच्या.

"दोन तासांत चाळीस शिड्या? मग मी चढू कधी?" काकूंनी विचारले.

"चढायचं कशाला? नुसता शिक्का मारायचा."

काकूंनी ॲप्रन सोडला, त्याची घडी केली, तिच्यावर मला ठेवले आणि त्या निघून गेल्या. जाताना एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिले. त्या वेळी मी दुसरी गाठ मारली. मला तळपाय नाही, नाहीतर त्याची आग मस्तकाला गेली असती.

पुढचे तीन महिने काय सांगू! ऊब नाही, चढणे नाही. जावई एका हाताने फोन धरायचे आणि दुसऱ्या हाताने मला आपटायचे. ओल्या लाकडावर मी, गाठ असलेल्या लाकडावर मी, खिळा अर्धाच ठोकलेल्या शिडीवरही मीच. मी मुद्दाम घसरून पाहिले, अक्षरे फिसकटून पाहिली. ते आणखी जोरात आपटायचे. सुतारांनी मला मागणे सोडून दिले. लंबू तर रंधाही नीट फिरवेनासा झाला. "कशाला घाम गाळू? उमटणार तर तेच," असे म्हणायचा. माणसाच्या हातातले कसब माझ्याच शब्दाने मारले, हे मी अजून विसरलेलो नाही. मी डूख धरला आणि संधीची वाट पाहत बसलो.

एका सकाळी हातगाडीवरून एक मोडकी शिडी कारखान्यात आली. मागून एक रंगारी आला, पायाला प्लॅस्टर, एका बाजूने बहिणीने धरलेला. छत रंगवताना चौथी पायरी निखळून तो खाली आला होता. शिडीवर माझा ठसा होता.

बहिणीचा आवाज साऱ्या कारखान्यात घुमला. "एक्सलंट वाचून घेतली माझ्या भावानं! हे का तुमचं एक्सलंट?"

म्हातारे मालक काठी टेकत बाहेर आले. जावयांच्या तोंडचे पाणी पळाले. ते नुकतेच मला शाईत बुडवून बसले होते. त्यांनी मला चटकन शर्टाच्या खिशात कोंबले आणि म्हणाले, "हे काकूंचं काम आहे. शिक्का कायम त्यांच्याकडेच असायचा. जाताना सोबत घेऊन गेल्या."

मालकांनी काकूंना बोलावणे धाडले. तासाभरात काकू आल्या. तीन महिन्यांत वाळल्या होत्या. त्यांना दुसऱ्या एका ठिकाणी तपासणीचे काम मिळायचे होते. पण जिच्या शिक्क्यावर विसंबून माणूस पडला, तिला कोण कामावर घेणार? पंचवीस वर्षांचे नाव त्या एका मोडक्या शिडीला टांगले होते. मी खिशात, जावयांच्या छातीला चिकटून, सगळे ऐकत होतो. त्यांचे काळीज धडधडत होते. मला फार बरे वाटले.

काकूंनी शिडी पाहिली. "ठसा खाली आहे, दादा. मी कधी खाली मारलाय का?"

मालकांनी वाकून ठसा पाहिला. त्यांना माहीत होते.

"वर काय आणि खाली काय?" जावई उसळले. "एक्सलंट ते एक्सलंट!"

"मग ही घ्या." काकूंनी त्या दिवशीच्या ढिगातली एक शिडी ओढून भिंतीला लावली. तिच्या दांड्यावर माझा ठसा अजून ओला होता. "एक्सलंट आहे ना? चढा, जावईबापू. उडी नका मारू, नुसते चढा."

सगळे सुतार हत्यारे खाली ठेवून उभे राहिले. जावई पहिल्या पायरीवर चढले. दुसऱ्या पायरीवर शिडीने असा काही आवाज काढला, की त्यांची पाचावर धारण बसली. त्यांनी डोळे मिटून शिडीला घट्ट मिठी मारली.

मित्रांनो, हाच तो क्षण. शिडी आणि त्यांची छाती यांच्यामध्ये मी होतो. अंगात होती नव्हती ती सगळी शाई मी सोडून दिली.

"बूट नवे आहेत, घसरतात," असे पुटपुटत जावई खाली उतरले. रंगाऱ्याच्या बहिणीने त्यांच्या छातीकडे बोट केले. पांढऱ्या खिशावर जांभळा डाग पसरत होता. अक्षरे उलटी उमटली होती, पण ओळखू येत होती.

"शिक्का काकू घेऊन गेल्या ना?" ती म्हणाली. "मग हे काय आहे?"

कोणी हसले नाही. हसले असते तर जावयांना बरे वाटले असते. मालकांनी हात पुढे केला. जावयांनी मला खिशातून काढून त्यांच्या हातावर ठेवले, आणि मालकांनी मला काकूंच्या हातावर. मग मालक रंगाऱ्यापुढे गेले आणि सगळ्यांदेखत त्यांनी हात जोडले.

"पाय बरा होईपर्यंत तुझ्या घरचा खर्च माझ्याकडे लागला," असे ते म्हणाले.

काकूंनी परत यायला एकच अट घातली. दुकानांत गेलेल्या सगळ्या शिड्या परत आणायच्या, माझे ठसे रंध्याने तासून काढायचे आणि प्रत्येक शिडी पुन्हा चढून पाहायची. चढायचे जावयांनी. माझी तर दिवाळीच झाली असे म्हणा. त्यांच्या चकचकीत बुटांची साले निघताना मी मोजून पाहिली. रात्री त्यांच्या स्वप्नात पायऱ्या येतात, हे ऐकले तेव्हा मला आणखी बरे वाटले.

साठाव्या की सत्तराव्या शिडीच्या टोकावर ते पोहोचले, तेव्हा मी त्यांच्याच खिशात होतो. ते घामाने भिजले होते. खालून दिसायला शिडी झकास होती, आणि ती लंबूची होती. लंबू खाली मान वर करून उभा होता. जावयांनी मला बाहेर काढले, तोंडाजवळ धरले आणि 'हाऽ' केले. तीन महिन्यांनी मला ऊब मिळाली.

"कुरकुरली का?" खालून काकूंनी विचारले.

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग खाली लंबूकडे. तिथे त्यांच्याशिवाय ऐकायला कोणी नव्हते, फक्त मी होतो.

"पाचवी," ते म्हणाले. "थोडीशीच."

"मग?"

त्यांनी मला पुन्हा खिशात ठेवले आणि ते खाली उतरले. लंबूने शिडी उचलली आणि रंध्याकडे नेली. बऱ्याच दिवसांनी त्याचा रंधा नीट चालल्याचा आवाज आला.

माझ्या दोन गाठींपैकी एक त्या दिवशी सुटली. भावांची अजून तशीच आहे, आणि ती मी सोडणार नाही.

मित्रांनो, मला जपा, पुसून ठेवा, असले काही मी तुमच्याकडे मागत नाही. तुमच्याही तोंडात एक्सलंट, सुपर्ब, मार्व्हलस हे शब्द दिवसातून दहा वेळा येतात, ते मी ऐकतो. खुशाल म्हणा. पण म्हणण्याआधी वरच्या पायरीपर्यंत जाऊन या. न चढता म्हणालात, तर एवढे लक्षात ठेवा, की जावयांचा तो शर्ट सात वेळा धुतला आणि आता त्याने शिड्या पुसतात. डाग अजून आहे.