पडद्यावर अडकलेले हात

आठवडाभर दुसऱ्यांचे कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या माणसाला सुट्टीच्या दिवशी पुन्हा कॉम्प्युटरचंच तोंड पाहायला लावणं म्हणजे शिक्षा. पण आईचा मेसेज आला होता, ‘ये. मशीन बघ.’ आई लिहायची ते असं, तारेसारखं. तेव्हा तो सकाळीच बसमध्ये बसला आणि खिडकीला डोकं टेकून शेवटच्या स्टॉपपर्यंत झोपला. कंडक्टरने खांदा हलवून उठवलं.

तो एका मोठ्या हॉस्पिटलात कॉम्प्युटर सांभाळायचा. तिथे सगळे त्याला गमतीने डॉक्टर म्हणत. खरे डॉक्टरसुद्धा म्हणत, कारण प्रिंटर अडला की त्यांची मजल ‘डॉक्टरला बोलवा’ इथवरच. दिवसभर हाका यायच्या. घरी पोचेपर्यंत अंगात त्राण उरायचं नाही, आणि हल्ली घरीही दार उघडायला कुणी नव्हतं.

आईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तिची उभी हयात पुस्तकं बांधण्याच्या कारखान्यात गेली. कागद कापायच्या यंत्रांच्या ज्या खडखडाटात बाकीच्या बायकांचं डोकं उठायचं, तिथे ती छापील पानांचे फर्मे शांतपणे शिवत बसायची. घरातलं सगळं बोलणं हातांनी. काही खुणा शाळेत शिकलेल्या, बऱ्याचशा घरच्याच, इतर कुणाला न कळणाऱ्या. त्याच्या नावाची खूण म्हणजे हनुवटीवर बोट, कारण लहानपणी पडून तिथे खोक पडली होती.

वडील गेल्यावर आई एकटीच राहत होती. मोबाइलच्या चिमुकल्या काचेवर तिला बोटं दिसत नसत, म्हणून त्याने तिला जुना डेस्कटॉप जोडून दिला आणि त्यावर विंडोजऐवजी लिनक्स घातलं. व्हायरसची कटकट नको, आणि पैसेही पडत नाहीत. पुढे तिची नजर अधू झाली तशी एक मोठा मॉनिटर आणला. त्याला लागणारी पिन कॉम्प्युटरच्या जुन्या डब्याला नव्हती, म्हणून हॉस्पिटलातल्या मोडीत काढलेल्या मशीनमधलं ग्राफिक्स कार्ड साहेबांची परवानगी घेऊन आणलं आणि आत बसवलं. चित्र आलं. आईने टाळ्या वाजवल्या. काम फत्ते झालं असं समजून तो निघून गेला.

त्यानंतर तक्रार सुरू झाली. व्हिडिओवर बोलताना आई मध्येच हात उंचावून थांबवायची. “तुझे हात अडकतात.”

“लाइन खराब आहे,” तो खुणेने सांगायचा.

त्याच्या बाजूला आईचे हात स्वच्छ दिसत होते. मग दोष तिच्याकडच्या इंटरनेटच्या लाइनचाच असणार. त्याने लाइन बदलून घेतली, नवा राउटर लावायला माणूस पाठवला. तरी हात अडकतच राहिले. साप साप म्हणून त्याने बरेच दिवस भुई धोपटली आणि शेवटी मनाशी ठरवलं, आईचंच वय झालं आता, तिला दिसत नाही. असं ठरवलं की माणूस सुटतो. तोही सुटला.

याच दिवसांत त्याची बायको वेगळी राहायला गेली. भांडण झालं नव्हतं. भांडण झालं असतं तर निदान सांगायला काही असतं. दोघंही दमून घरी येत, दमून झोपत, आणि एक दिवस ती म्हणाली, “आपण भाडेकरूंसारखे राहतोय रे.” तिने ऑफिसजवळ खोली घेतली. तो नको म्हणाला नाही, जा असंही म्हणाला नाही.

आईला हे मेसेजमध्ये लिहून कळवणं त्याला जमेना. तेव्हा एका संध्याकाळी त्याने व्हिडिओ लावला. नवरा-बायकोची त्यांच्या घरातली खूण म्हणजे शेजारी शेजारी धरलेली दोन बोटं. त्याने ती दोन बोटं धरली आणि हळूहळू एकमेकांपासून दूर नेली. एकदा, आणि मग पुन्हा एकदा.

पडद्यावर आई हसली. तोंडभर हसली, अंगठा वर केला आणि म्हणाली, “छान. जा.”

त्याला कुणी मुस्काटात मारावी तसं झालं. आईला सून कधीच आवडली नव्हती की काय? त्याने कॉल बंद केला. मग व्हिडिओ कॉल कमी झाले, झाले तरी दोन मिनिटांचे. आईचा मेसेज यायचा, ‘परत कधी?’ तो उत्तर द्यायचा, ‘माहीत नाही.’ पुढे तेही देणं सोडलं.

आज दार उघडल्यावर आईने त्याच्या हनुवटीला बोट लावलं आणि आत घेतलं. “वाळलास,” ती खुणेने म्हणाली. त्याने चपला काढल्या. खोलीत पाऊल टाकलं आणि तो दचकलाच. डब्यातला पंखा किंचाळत होता. विमान सुटायच्या आधी असतो तसा आवाज. ऐकू येणाऱ्या माणसाच्या घरात हा आवाज तासभरही कुणी सहन केला नसता. आईला त्याचा पत्ताच नव्हता. डब्याच्या मागून गरम वारा येतो एवढं मात्र तिच्या लक्षात आलं होतं, आणि तिने तिथे दोरी बांधून रुमाल वाळत घातले होते.

“छान वाळतात,” आई म्हणाली.

त्याला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं म्हणून ते ओठांवर जरा अवघडल्यासारखं झालं.

तो खुर्चीत बसला. माउस हलवला तर बाण मागून रांगत आला. पडद्यावरची खिडकी ओढली की तिची भुतं मागे राहायची, एकावर एक, मग एकेक करून पुसली जायची. त्याने आपल्या मोबाइलवर व्हिडिओ लावला, तो स्वयंपाकघरात ओट्यावर टेकवून ठेवला आणि आईला त्याच्यासमोर उभं केलं. लाइन तीच, घर तेच, मध्ये एक भिंत. “काहीतरी बोल,” त्याने दारातून सांगितलं आणि परत येऊन पडद्यासमोर बसला.

पडद्यावर आईचे हात दिसले. एक हात वर गेला आणि तिथेच राहिला. मग एकदम खाली. मधलं काहीच नाही. बोटांच्या जागी धुराचा पट्टा. ओठ हलले ते हातांनंतर. तो आयुष्यभर वाचत आलेले हात, आणि त्याला एक अक्षर कळेना. त्याने डोळे बारीक केले, पुढे वाकला आणि आपल्या नकळत मान डोलावली. हो हो.

मान डोलावली आणि तो थबकलाच.

तो उठून स्वयंपाकघरात गेला. “काय म्हणालीस?”

“चहात साखर घालू का, विचारलं. तू हो म्हणालास,” आई म्हणाली. “साखर सोडलीस ना तू?”

“हे असं कधीपासून दिसतंय?”

“मोठा पडदा आला तेव्हापासून.”

“आणि तू काय करायचीस?”

आईने जरा वेळ हात पुसले. “किती वेळा विचारायचं? तू दमलेला असायचास. चेहरा बघून उत्तर द्यायची. चुकायचं कधी कधी.”

त्याने ओट्याला हात टेकला. “त्या दिवशी मी दोन बोटं दाखवली. तुला काय कळलं?”

आईचा चेहरा उजळला. “दोन बोटं जोडलेली दिसली, मग एकदम पुढे गेलेली. फिरायला निघालात. दोघं जोडीने. बरं वाटलं मला. तू कधी रजा घेत नाहीस.” मग तिच्या कपाळावर आठी आली. “किती दिवस फिरताय? मी विचारते, परत कधी. तू सांगतच नाहीस. एक फोटोसुद्धा नाही.”

खिडकीत कपबशा पालथ्या घातल्या होत्या. त्यातल्या एका बशीकडे तो बघत राहिला. मग त्याने आईसमोर पुन्हा दोन बोटं धरली आणि दूर नेली. या वेळी मध्ये काच नव्हती.

आईने त्याचे दोन्ही हात पकडले. कारखान्यात दोरा ओढून ओढून तिची पकड अजून तशीच घट्ट होती. तिने बोटांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. हात सोडून म्हणाली, “आणि मी हसले?”

“हसलीस.”

“अंगठा दाखवला?”

“दाखवलास.”

आई स्टुलावर बसली. रडली नाही. पदराशी चाळा करत बसली. त्यालाही बसावंसं वाटलं, पण दुसरं स्टूल नव्हतं, म्हणून तो तिच्या पायांशी जमिनीवरच बसला. बऱ्याच वेळाने तिने त्याच्या डोक्यावर टपली मारली. “ऊठ. ते मशीन बघ आधी.”

आता दोष शोधणं सोपं होतं. पडद्यावरचं चित्र नेमकं कोण काढतंय हे त्याने मशीनलाच विचारलं. उत्तर आलं की प्रोसेसर काढतोय. म्हणजे कार्ड नुसतंच पाटलासारखं बसून होतं आणि सगळी धुणीभांडी बिचाऱ्या प्रोसेसरच्या गळ्यात पडली होती. पंख्याची बोंब त्याचीच. कार्ड चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, खुला होता, जगभरच्या लोकांनी फावल्या वेळात लिहिलेला. कार्ड बनवणाऱ्या कंपनीने आतली माहिती न देताच त्यांनी तो लिहिला होता. त्याला लागणारी एक फाइल मशीनवर नव्हती. त्याने ती घातली. मशीन बंद करून चालू केलं. कार्ड कामाला लागलं, पंखा निवला. आईला पुन्हा आत मोबाइलसमोर पाठवलं.

हात हलले, पण लंगडत. कार्ड जागं झालं होतं, पण सगळ्यात खालच्या वेगातच चालत होतं. त्याला त्याहून जोरात पळवणं त्या ड्रायव्हरला जमत नव्हतं.

मग त्याने कंपनीचा ड्रायव्हर घातला. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. कार्ड जुनं, सिस्टम नवी, दोघांचं पटेना. त्याने तो काढला. ये रे माझ्या मागल्या. आई चहा ठेवून गेली, परत आली, न प्यायलेला चहा उचलून नेला, दुसरा आणला.

तो खुर्चीत मागे रेलला. मान दुखत होती. हॉस्पिटलात असता तर त्याने चिठ्ठी लिहून कार्ड बदलून मागितलं असतं आणि पुढच्या हाकेला गेला असता. इथे पुढची हाक नव्हती. त्याने डब्याची पाठ टॉर्चने न्याहाळली. जुन्या डब्याची स्वतःची पिन तिथेच होती, धूळ खात. मॉनिटरच्या मागे वाकून पाहिलं, तर कोपऱ्यात तशाच पिनेची जागा. पहिल्या दिवशी वाकून पाहायचा कंटाळा केला होता, एवढंच.

त्याने मशीन बंद करून डबा उघडला, स्क्रू काढला आणि कार्ड उपटून बाजूला ठेवलं. जुनी केबल आईच्या कपाटात सापडली, तिने तिची नीट गुंडाळी करून दोऱ्याने बांधून ठेवली होती. मशीन चालू केलं. प्रोसेसरच्या पोटातच एक साधी ग्राफिक्स चिप होती, आणि तिचा खुला ड्रायव्हर उत्तम होता. अक्षरं किंचित मऊ दिसली. पण खिडकी ओढली तर पाण्यावरून होडी जावी तशी सरकली.

आई आतून बोलू लागली. प्रत्येक बोट वेगळं दिसत होतं. तिच्या नखाजवळची जुनी सुईची खूणसुद्धा.

“दिसतंय?” ती विचारत होती.

“दिसतंय.”

“मग ऐक. सून तुझी नसेल आता. माझी आहे. मी तिच्याशी बोलणार.”

“आई, उगाच मध्ये पडू नकोस.”

“पडत नाही. मी हसले ते तुला कळलं तसं तिलाही कळलं असेल. तू सांगितलं असशील.”

त्याने सांगितलं होतं. बायको तेव्हा फोनवर फक्त “असू दे” म्हणाली होती. त्याने मान खाली घातली. भिंतीपलीकडून ओट्यावर थापेचा आवाज आला. त्याचं लक्ष वेधायला आई त्याच्या लहानपणापासून अशीच थाप मारायची. त्याने वर पाहिलं.

“तिला आपल्या खुणा येतात ना?”

“थोड्या येतात.”

“पुरेत.”

संध्याकाळच्या बसने तो परतला. नंतरच्या आठवड्यात आईने आपणहून व्हिडिओ लावला. आता तिला सगळं दिसत होतं. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, न केलेली दाढी, मागे खुर्चीवर पडलेला कपड्यांचा ढीग. तिने एकेकाकडे बोट दाखवून झापलं. त्याला लाइन खराब आहे म्हणायची सोय उरली नव्हती.

“तिच्याशी बोललीस?” शेवटी त्याने विचारलं.

“बोलले. काल. परवाही.”

“काय म्हणाली?”

“ते आमचं आमच्यात,” आई म्हणाली. “तू जेवून घे आधी.”

कॉल चालू ठेवूनच तो उठला आणि ताट वाढून घेऊन पडद्यासमोर येऊन बसला. एका हातात ताट, दुसऱ्यात घास, त्यामुळे बोलणं झालं नाही. आई समोर बसून होती, तो जेवत होता.