नागपूर शाखेची हद्द

मुंबईहून ट्रंक कॉल आला तेव्हा मधुसूदन वासनिक कोराडीच्या वीजकेंद्रातली पाळी संपवून नुकताच इंजिनियरिंग कॉलेजात पोचला होता. फोन प्राध्यापक मनोहरराव घाटे यांनी घेतला. रिसीव्हर ठेवून ते म्हणाले, "झालं! नागपूरला स्वतंत्र शाखा मंजूर. मी अध्यक्ष, तुम्ही सचिव."

या शाखेसाठी मधुसूदननं जिवाचं रान केलं होतं. विद्युत अभियंत्यांची ही संघटना मूळची परदेशातली. तिनं साऱ्या जगाचे प्रदेश पाडले होते, प्रदेशांचे विभाग, विभागांच्या शाखा. नागपूर मुंबई विभागात. व्याख्यान मुंबईत व्हायचं आणि निमंत्रण कोराडीला यायचं ते व्याख्यान उरकल्यावर. आपली शाखा हवी तर पुरेशा सभासदांच्या सह्या हव्यात. नागपुरात तेवढे सभासद नव्हते, म्हणून मधुसूदन सुट्टीच्या दिवशी एसटीनं चंद्रपूर गाठायचा. तिथल्या कोळसा खाणीत ओमप्रकाश रामटेके हा त्याचा कॉलेजातला दोस्त इंजिनियर होता. एकेका खाणीवर जाऊन, लोकांच्या मागे लागून ओमप्रकाशनंच सह्या मिळवून दिल्या होत्या.

"ओमप्रकाशला आत्ताच कळवतो," मधुसूदन म्हणाला.

मनोहररावांनी चष्मा पुसायला घेतला. "थांबा. हद्द नागपूर जिल्ह्यापुरतीच आहे. चंद्रपूर मुंबईकडेच राहील."

"पण सर, अर्जावर सह्या तर त्यांच्याही..."

"तेव्हा गरज होती. आता कॉलेजातले नवे लोक सभासद झालेत, आपण पुरे पडतो. मुंबईनं विचारलं, मी हो म्हटलं. तिकडून इतक्या लांब सभेला कोण येणार? आणि सभाच भरली नाही, तर शाखा टिकेल का?"

बोलणं अगदीच खोटं नव्हतं. मधुसूदनला तेच जास्त टोचलं.

त्या दिवसापासून त्याचं कशात मन लागेना. कंट्रोल रूममध्ये काट्यांकडे बघताना तो मनातल्या मनात ओमप्रकाशशी बोलायचा. नागपुरात नंदनवन भागातल्या घरी जेवायला बसला की अर्ध्यातून उठायचा. दोनदा बसस्टँडवर गेला आणि चंद्रपूरची गाडी लागलेली असताना परत आला.

शेवटी त्याची आई इंदूबाई म्हणाली, "काहून असा तळमळून राहिला गा? काय झालं?"

त्यानं सगळं सांगितलं. तिला शाखा-विभाग काही कळले नाहीत, पण बाकीचं कळलं.

"त्याच्या घरी जेवला ना तू? मंग त्याच्यासमोर जाऊन सांग. दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर त्याले कसं वाटंल?"

पुढच्या रविवारी तो गेला. ओमप्रकाश खाणीच्या कॉलनीत अंगणात दाढी करत होता. मधुसूदननं उभ्या उभ्याच सांगून टाकलं. ओमप्रकाशचा हात थांबला. मग त्यानं उरलेली दाढी सावकाश केली, तोंड पुसलं.

"मले राग नाही आला," तो म्हणाला. "पण त्या पोट्ट्यांले मी काय सांगू? नागपूर आपलं होऊन राहिलं म्हणून सह्या घेतल्या मी त्यांच्या."

"मी सचिवपद सोडतो."

"अन् मंग? तिथं आमचं नाव कोण काढंल? बस तिथंच. बसून भांड."

उद्घाटनाला मुंबईचे पाहुणे आले, हारतुरे झाले. चंद्रपूरचं कोणीच आलं नाही. चहाच्या वेळी मधुसूदननं पाहुण्यांना गाठलं. हद्द वाढवता येते का? येते, ते म्हणाले, शाखेनं तसा ठराव करून पाठवला तर.

पहिल्याच सभेत त्यानं ठराव मांडला. मनोहररावांनी "पुढे बघू" म्हणून तो बाजूला ठेवला. दुसऱ्या सभेत मतं घेतली, ठराव पडला. कॉलेजातले लोक अध्यक्षांसमोर हात वर करेनात, आणि कोराडीचे निम्मे लोक पाळीवर होते. मधुसूदन घरी येऊन चिडून बसला, आईवरही खेकसला. मग त्यानं पाळ्यांचा तक्ता समोर घेतला आणि तिसरी सभा अशा दिवशी ठेवली, की कोराडीचे बहुतेक जण मोकळे असावेत. ते स्टाफ बस भरून आले. ठराव मंजूर झाला. मनोहररावांनी तोंड वाकडं केलं, पण सही केली.

ठराव मुंबईला गेला, तिथून संघटनेच्या परदेशातल्या कचेरीत, आणि तिथं रुतून बसला. मधुसूदन टपाल आलं की आधी परदेशी तिकीट शोधायचा. नवी हद्द मंजूर होऊन आली तोवर उन्हाळा सरला होता. त्यानं लगेच चंद्रपूरला तार केली. उलट तार आली: कोरब्याला बदली, शनिवारी नागपूर स्टेशनवर भेट.

फलाटावर ट्रंकेवर बसून ओमप्रकाश बिडी ओढत होता. बायको-मुलं डब्यात चढली होती.

"तिथले पोट्टे खूश झाले गा," तो म्हणाला. "पुढची सभा आमच्याकडंच घ्या म्हणतात."

"घेऊ. अन् तू?"

"मी मध्य प्रदेशात चाललो. तिकडं कोणता विभाग लागते, तुलेच ठाऊक."

मधुसूदनला ठाऊक नव्हतं. गाडीनं शिटी दिली. दोघांनी मिळून ट्रंक आत ढकलली आणि ओमप्रकाश दाराशी उभा राहिला.

"विचारून कळवतो," गाडीबरोबर चालत मधुसूदन म्हणाला.

"कळव. घाई नाही."

गाडी निघून गेली, तरी मधुसूदन फलाटाच्या टोकापर्यंत चालतच राहिला.