पाचवी फेरी

सिडकोतल्या बागेत सकाळी सहाला अनसूयाबाईंचा व्यायामाचा वर्ग भरायचा. अनसूयाबाई एकसष्ट वर्षांच्या. आयुष्यभर शाळांमध्ये पी.टी. शिकवली, आणि निवृत्तीनंतर घरी बसवेना म्हणून हा वर्ग काढला. पंचवीस-तीस बायका यायच्या. व्यायाम संपला की सगळ्यांनी गोल करून बसायचं आणि एकेकीनं कुणाचे तरी आभार मानायचे, असा त्यांचा नियम होता. शरीर सैल झालं की मनही सैल करावं, असं त्या सांगत. पहिले काही दिवस बायका हसल्या, मग सवय झाली. कुणी स्वतःच्या गुडघ्यांचे आभार मानी, कुणी आठव्या दिवशी का होईना नळाला पाणी आलं म्हणून महापालिकेचे.

मनकर्णाबाई महिनाभरापूर्वी यायला लागल्या होत्या. वैजापूरकडच्या शेतकरी घरातल्या, नवरा गेल्यावर मुकुंदवाडीत लेकीकडे राहायला आलेल्या. चटई नव्हती, जुनी सोलापुरी चादर अंथरून व्यायाम करायच्या. आभाराची पाळी आली की नुसते हात जोडायच्या. त्या दिवशी मात्र बोलल्या.

"एका मॅडमचे आभार मानते. नाव ठाऊक नाय. मी कधी साळंत गेलेच नाय. माझी कुशिवर्ता आठवीत व्हती. मॅडमनी पोरींना मैदानावर पळवलं आन् पाचव्या फेरीला ही पडली. घाटीच्या सरकारी दवाखान्यात आणली तर डाक्टर म्हणले, हिच्या हृदयाला जन्मापासून छिद्र हाय. तवर कुणालाच कळलं नव्हतं. मग पुण्याला आपरेशन झालं. आता वाळूजला कंपनीत नोकरीला हाय, दोन लेकरं हायेत. त्या बाईनं पळवलं नसतं तर पोरगी अशीच कधीतरी गेली असती. लई उपकार झाले."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. अनसूयाबाईंचे हात मांडीवरच राहिले.

कुशिवर्ता. ते नाव त्यांनी अठ्ठावीस वर्षांत तोंडातून काढलं नव्हतं. मैदानावरून मुलीला जीपमध्ये घातलेलं त्यांनी पाहिलं होतं, एवढंच. पुढे मे महिन्यात त्यांना शहरातल्या शाळेत नोकरी मिळाली आणि त्या गावाला त्या परत गेल्या नाहीत. मुलगी जगली की गेली, हे कुणाला विचारलंही नाही. विचारायची हिंमत झाली नव्हती. आणि आता ती मुलगी मुकुंदवाडीत, दहा मिनिटांच्या अंतरावर राहत होती.

"मॅडम, तुमची पाळी," शेजारच्या सरूबाई म्हणाल्या.

अनसूयाबाई मनकर्णाबाईंकडे वळल्या. "मनकर्णाबाई, ती मॅडम मी."

मनकर्णाबाईंचा चेहरा उजळला. त्या गुडघ्यावर हात देत उठल्या आणि पाया पडायलाच निघाल्या. अनसूयाबाईंनी पाय मागे घेतले.

"थांबा. आधी ऐका. तिसऱ्या फेरीला ती माझ्याकडे आली होती. म्हणाली, छातीत कळ येतेय, बसू का. तिचे ओठ निळे पडलेले मला दिसले होते. मी म्हणाले, शेतकऱ्यांच्या पोरी तुम्ही, तुम्हाला काय धाड भरलीय, नाटकं करू नकोस. आणि परत पळायला लावलं."

मनकर्णाबाई वाकल्या होत्या तशाच थांबल्या.

"दिसले व्हते?"

"हो."

"आन् तरी पळवली."

मनकर्णाबाई हळूहळू सरळ झाल्या. चादर उचलली, घडी न घालताच काखेत धरली आणि फाटकाकडे चालू लागल्या. चपला तिथंच राहिल्या होत्या. एक बाई त्या घेऊन मागे पळाली, पण मनकर्णाबाईंनी वळून पाहिलं नाही, अनवाणीच रस्ता ओलांडला.

सरूबाई म्हणाल्या, "मॅडम, सांगायलाच पाहिजे होतं का?"

पुढचे चार दिवस अनसूयाबाईंनी वर्ग घेतला, पण मोजणी चुकत होती. पाचव्या दिवशी त्यांच्या दारात चाळिशीची एक बाई उभी राहिली. खांद्याला कंपनीची बॅग, गळ्याशी ब्लाउजच्या वर डोकावणारा ऑपरेशनचा उभा व्रण. ओळख सांगायची गरज पडली नाही. अनसूयाबाईंनी तिला आत घेतलं, पण स्वतः उभ्याच राहिल्या.

"बसा मॅडम," कुशिवर्ताच म्हणाली, आणि स्वतः समोर बसली. "आईनं तीन दिवस धड जेवण केलं नाही. सारखी विचारते, तू मला सांगितलं का नाहीस."

"तुला आठवत होतं?"

"शिट्टीसुद्धा आठवते. पण ऑपरेशनहून आल्यावर आई गावभर सांगत फिरायची, मॅडममुळं माझी पोरगी वाचली. तिनं माझ्यासाठी दोन वर्षं दवाखाने केले होते. तिला कुणाचं तरी चांगलं बोलायचं होतं. मी कशाला मोडता घालू? अठ्ठावीस वर्षं मी ते पोटात ठेवलं. तुम्ही तीस बायकांसमोर एका मिनिटात सांगून मोकळ्या झालात."

अनसूयाबाईंना वाटत होतं, खरं बोलण्याचं धाडस तरी आपण दाखवलं. तेवढा एक आधार चार दिवस होता. तोही गेला.

"मी तुझी माफी..."

"नको. मी त्यासाठी आले नाही. तुम्हाला सांगायचं होतं तर मला शोधून सांगायचं."

"मग मी काय करू? वर्ग बंद करते."

"वर्ग बंद करून काय होणार? आईच्या गुडघ्याला फरक पडत होता." कुशिवर्ता उठली. चहाला थांबली नाही.

दोन आठवड्यांनी मनकर्णाबाई परत आल्या. सगळ्यात मागं चादर अंथरली, बाकीच्यांबरोबर हात वर केले, कंबरेत वाकल्या. अनसूयाबाईंनी एरवीपेक्षा लवकर थांबवलं. कुणाला चक्कर, कुणाला दम, असं एकेकीपाशी जाऊन विचारलं आणि प्रत्येकीचं उत्तर येईपर्यंत पुढे सरकल्या नाहीत. मनकर्णाबाईंपाशी आल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "दम लागलाय. बसते."

"बसा," अनसूयाबाई म्हणाल्या.

मग गोल झाला. पाळी मनकर्णाबाईंवर आली तेव्हा सगळ्याजणी खाली बघू लागल्या.

"मला आज कुणाचेच आभार मानायचे नायत," मनकर्णाबाई म्हणाल्या. "नाय मानले तर चालतंय ना?"

"चालतंय," अनसूयाबाई म्हणाल्या. मग सगळ्यांकडे बघून पुन्हा म्हणाल्या, "चालतंय."

त्या दिवसानंतर वर्गात आभार मानायची सक्ती राहिली नाही.