फट दिसेपर्यंत थांबणारा

मी एक हेल्मेट. लोकांच्या डोक्यावर बसण्यात माझा जन्म गेला, पण एखाद्याच्या डोक्यात काय चाललंय हे कळण्याची वेळ माझ्यावर एकदाच आली. त्या पोराचं नाव ज्युलियन ब्रूसार्ड.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. कवच कडक, आतून मऊ गाद्या, तोंडापुढे पोलादी जाळी. बाहेर पडण्याआधी मला हातोड्याने बडवून पाहिलं. तेच माझं बारसं. मग मालमोटारीतून थेट लुइझियानात, सेंट अमांड कॉलेजच्या फुटबॉल संघाकडे; फुटबॉल म्हणजे अमेरिकेतला, चेंडू हातात घेऊन एकमेकांना भिडायचा. तिथे माझ्या दोन्ही कानशिलांवर संघाची खूण म्हणून पेलिकन पक्षी चिकटवले आणि मला खुंटीला अडकवलं.

ज्युलियन येईपर्यंत मी दोघांचा घाम प्यालो होतो; पहिल्याच दिवशी त्याने मला हुंगलं आणि नाक मुरडलं. माणसांची ही गंमतच आहे. घाम यांचा, आणि नाक मुरडायचं आमच्याकडे बघून! त्याच्या केसांच्या वेण्या इतक्या दाट, की मला डोक्यात घालताना तो कळवळायचा. जाळीच्या आत तोंड आलं, की हळूच म्हणायचा, "चल रे टोपल्या."

त्याचं काम चेंडू बगलेत धरून धावायचं. इतर पोरं चेंडू हातात आला, की मान खाली घालून सुसाट सुटतात. हा मात्र दोन पावलं टाकायचा आणि सावकाश व्हायचा. पुढे रेड्यांसारखे गडी एकमेकांना रेटतायत, आणि हा आपल्या गड्याच्या पाठीवर हात ठेवून रांगेत उभा असल्यासारखा! आत माझा जीव टांगणीला. मग कुठेतरी किलकिल्या दाराएवढी फट पडायची, आणि हा पार.

वाट करून देणाऱ्या त्या पुढच्या फळीच्या मधोमध मोझेस टिबडो असायचा, ज्युलियनचा जिवलग.

"माझ्यामागे उभा राहून जांभया देतोस काय रे?" तो ओरडायचा.

"तुझी पाठच एवढी रुंद आहे भावा, पलीकडचं दिसायला वेळ लागतो!"

मग दोघंही हसायचे. दोन हंगाम असे मजेत गेले.

पुढे जुने कोच निवृत्त झाले आणि टेक्सासहून लँड्रम नावाचे नवे कोच आले. माणूस सरळ, बोलणंही सरळ. "चेंडू मिळाला की घुसायचं. हातभर जागा मिळाली तरी चालेल, पण थांबायचं नाही." त्यांनी सगळी फळीच तशी घडवली. एकदम जोर लावायचा, क्षणभर वाट करून द्यायची, की संपलं. ज्युलियन सवयीने थांबायचा, तोवर दार बंद झालेलं असायचं.

आणि मग शेजारच्या कॉलेजशी सामना होता, तेव्हा नको ते घडलं. मोझेसने ठरल्याप्रमाणे जोर लावला, वाट उघडली. ज्युलियनला मात्र बाहेरच्या बाजूला दुसरी फट उघडेलशी वाटली. तो थांबला. तेवढ्यात समोरची पोरं त्याच्यावर कोसळली, आणि तो सगळा ढीग गडगडत मोझेसच्या गुडघ्यावर आला. मोझेसची किंकाळी माझ्या कवचातून आरपार गेली. ज्युलियन मातीत बसून राहिला. मला डोक्यातून काढायचंही भान त्याला उरलं नाही.

त्यानंतर तो कोचचं ऐकू लागला. चेंडू मिळाला, की सरळ धडक. माझ्या कपाळावर ओरखड्यांवर ओरखडे पडत गेले. संघ जिंकतही होता. पण मला घालताना तो काही बोलेनासा झाला. टोपल्या नाही, काही नाही.

एका सामन्यानंतर त्याची आई, ओडेट, मैदानाबाहेर मोटारीशी डबा घेऊन उभी होती. त्याने एका हातात मला धरलं होतं, दुसऱ्या हातात तिने बुदँ, म्हणजे भात-मांस भरलेलं तिकडचं सॉसेज, कोंबलं. गरम गरम, पण त्याने एक घास खाल्ला आणि ठेवून दिलं.

"जिंकलात ना रे? मग तोंड का असं उतरलंय?"

"मी खेळत नाहीये आई. नुसता आदळतोय. हा संघ सोडावा म्हणतोय."

"आणि सोडून गेलास, तर दुसरीकडे घेतीलच कशावरून? घरी बसलास तर?"

"तर बसेन."

तिने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "बरं. पण तोंड लपवून जायचं नाही. कोचला समोर बसून सांग. आणि त्या मोझेसलाही."

कोचच्या खोलीत मी ज्युलियनच्या मांडीवर होतो. त्याची बोटं माझ्या जाळीत अडकली होती. सगळं ऐकून लँड्रम म्हणाले, "तू वाट बघणारा, मी घाईचा. यात पाप कुणाचंच नाही, पोरा. तुझ्यासाठी सगळी फळी बदलणं मला जमायचं नाही. पण कुणी विचारलं, तर तुझ्याबद्दल चांगलंच सांगेन."

मोझेसला सांगणं मात्र जड गेलं. तो कुबड्या टेकून कपडे बदलायच्या खोलीत बसला होता.

"गुडघा गेला तेव्हा मी चकार शब्द काढला का? आणि आता तू पळ काढतोस?"

"त्या गुडघ्यानेच डोळे उघडले रे. मी थांबलो, तर तुम्ही मरता. नाही थांबलो, तर मी मरतो."

मोझेसने एक कुबडी फरशीवर आपटली. मग म्हणाला, "जिथे जाशील, तिथल्या फळीला आधीच सांग. याला वेळ लागतो म्हणावं. आधी सांगितलं, की माणूस दम धरतो."

मी संघाच्या मालकीचा. मला नेता येणार नव्हतं. ज्युलियनने मला साबणाने धुतलं, गाद्या पुसल्या, खुंटीला लावलं आणि मागे न बघता निघून गेला.

आता मी कर्टिस नावाच्या नव्या पोराच्या डोक्यावर असतो. तो कोचच्या मनासारखा, थेट घुसणारा. चांगला पोरगा आहे. आम्ही जिंकतो.

आणि यंदा कॅरोलिनाहून एक संघ आमच्याकडे खेळायला आला. चेंडू त्यांच्याकडे होता, तेव्हा कर्टिसने बाकावर बसून मला काढून मांडीवर ठेवलं होतं. समोर निळ्या कपड्यांत एकाने चेंडू घेतला, दोन पावलं टाकली, आणि तो सावकाश झाला.

तीन हंगाम मी ज्युलियनच्या डोक्यावर होतो, पण त्याला धावताना कधी पाहिलंच नव्हतं! डोक्यावर बसणाऱ्याला ते कसं दिसावं? आतून जी नुसती धडधड वाटायची, ती बाहेरून इतकी शांत होती. त्याच्यापुढची फळी दात-ओठ खाऊन रेटत होती, रेटतच होती. त्याच्यासाठी वेळ धरून ठेवत होती. मग फट पडली. माझ्या शेजारी पट्टा बांधलेल्या गुडघ्यावर हात मारत मोझेस ओरडला, "जा रे जा!" कोच लँड्रमनी त्याच्याकडे वळून पाहिलं आणि पुन्हा मैदानाकडे नजर लावली.

सामना आम्ही हरलो. ज्युलियन आमच्याकडे आला, मोझेसच्या गळ्यात पडला, कर्टिसशी हात मिळवला आणि जाता जाता माझ्या टाळूवर थाप मारली, जशी कुठल्याही हेल्मेटवर मारतात तशी. मला ओळखलं नाही त्याने. यंदा चढवलेला नवा रंग, नवे ओरखडे, कसं ओळखणार?

माझ्या कवचाला आता तडा गेलाय. हंगाम संपला, की मला काढून टाकतील, आणि तेच योग्य. तडा गेलेल्याने कुणाचं डोकं सांभाळू नये. वाचकहो, तुमच्या पाठीमागे कुणी असा थांबणारा उभा राहिला, तर जमेल तेवढा दम धरा. नाहीच जमलं, तर त्याला हसतमुखाने जाऊ द्या.