डावरी काजं

फोटो मी काढला, पेजवर मीच टाकला आणि पत्ताही मीच दिला. तेव्हा चूक कुणाची, यावर वेळ घालवायला नको.

माझं शिवणाचं दुकान आहे. रस्त्याकडे काउंटर, मागे दोन मशिनी, कोपऱ्यात उंच आरसा आणि त्याच्या शेजारी पडदा लावलेली ट्रायलची जागा. आठ महिन्यांपूर्वी एक बाई पिशवी घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, मी हातानं काजं करते." कोटाच्या बटणांची काजं हातानं करणारं हल्ली उरलंय कोण? मी तिला त्याच दिवशी ठेवून घेतलं. काजं करते म्हणून माझी लेक तिला काजू म्हणायला लागली. तिलाही ते बरं वाटलं, कारण खरं नाव ती मागेच सोडून आली होती. नवऱ्यानं तिचा डावा हात दोनदा मोडला होता आणि पळालीस तर तिसऱ्यांदा काय करीन, तेही सांगून ठेवलं होतं. म्हणून तिनं नंबर बदलला, केस कापले, इंटरनेटवरची सगळी खाती बंद केली. हा नवरा आमच्याच धंद्यातला, कटिंग मास्तर.

इंटरनेटवर दुकानाचं पेज सुरू करताना मी काळजी घेतली नाही असं नाही. चेहरा नाही, दुकानाची पाटी नाही, लोकेशन बंद. लेकीनं सगळी सेटिंग्ज करून दिली होती. मग काजूनं बायकांच्या एका कोटाला पाच काजं केली, अशी देखणी की मला राहवेना. नुसत्या काजांचा जवळून फोटो घेतला आणि टाकला. तिला विचारलंसुद्धा नाही. काजांना काय तोंड असतं ओळखायला? तीनशे जणांनी अंगठे दिले आणि मी हरभऱ्याच्या झाडावर जाऊन बसले.

गुरुवारी सकाळी साडेदहाला मी मेसेज मोठ्यानं वाचला.

"काजू, गिऱ्हाईक येतंय गं तुझं! ऐक. 'माझ्या कोटाला अशीच डावरी काजं हवीत. अकराला येतो.' काल पत्ता विचारत होता, दिला मी."

तिची सुई थांबली.

"ताई, मी डावखुरी आहे असं तुम्ही लिहिलं होतं का?"

"छे! मी कशाला लिहू?"

"मग त्याला कसं कळलं?"

मी फोटो पुन्हा उघडला. डाव्या हाताचे टाके उलट्या बाजूला झुकतात. धंद्यातल्या माणसानं नीट पाहिलं तर त्याला दिसतं. मला मात्र इतके दिवस ते नुसतंच सुंदर दिसत होतं.

"'डावरी' हा माझ्या नवऱ्याचा शब्द आहे," ती म्हणाली. "मला हाक मारायचा तोच."

दुकानाला मागचं दार नाही. पुढून बाहेर काढावं म्हणून मी रस्त्यावर डोकावले, तर समोरच्या फुटपाथवर हातात कोट घेतलेला एक माणूस पाट्या वाचत येत होता. वीस मिनिटं आधीच. मी तिला पडद्याआड ढकललं. तिची डावखुऱ्यांची कात्री टेबलावरच राहिली होती, ती कापडाखाली सारली तोवर तो आत आला.

"नमस्कार ताई," तो म्हणाला. इस्त्रीचे कपडे, गोड आवाज. काजू मला ज्या शब्दानं हाक मारायची, तोच त्याच्या तोंडून ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"डाव्या हाताचा कारागीर कुठाय?"

"डावं कुणी नाही इथे. काजं मीच करते."

त्यानं फोन माझ्यासमोर धरला. फोटो इतका मोठा केला होता की एकेक टाका मोजून घ्यावा. "मी पंचवीस वर्षं कटिंग करतोय, ताई. हा हात मी ओळखतो. अगदी जवळचं माणूस आहे. रागावून गेलंय."

पडदा जरासा हलला. तो मान वळवणार, एवढ्यात माझी नजर आरशात गेली. आरशासमोरच्या खुंटीवर पुरुषाचा एक तयार कोट लटकत होता, काजं माझीच. पुरुषाच्या कोटाला काजं डावीकडे असतात, बायकांच्या उजवीकडे. आरशात तो कोट बायकी दिसत होता, आणि माझे सरळ टाके उलटे झुकलेले.

"अहो मास्तर, तो फोटो उलटा असेल!" मी कपाळावर हात मारला. "मला त्या फोनमधलं काही कळत नाही. आपलं तोंड दिसतं ना, तोच कॅमेरा सुरू राहतो."

"हा बायकांचा कोट आहे. काजं उजवीकडे आहेत."

"पुरुषाचा आहे. उलटा झाला म्हणून तसा दिसतोय. थांबा, दाखवते."

मी खुंटीवरचा कोट टेबलावर पसरला आणि सेल्फीच्या कॅमेऱ्यानं फोटो घेतला. पहिला पुसट आला. दुसरा त्याच्यापुढे धरला. काजं उजवीकडे, टाके उलटे. त्यानं दोन्ही फोन शेजारी ठेवून पाहिले. कोट उचलून काजांवर अंगठा फिरवला.

"त्या फोटोतली काजं जास्त बारीक आहेत," तो म्हणाला.

"तो कोट ज्यांचा, ते साहेब रोजचं गिऱ्हाईक. तुम्ही नवे. तुम्हालाही करून देईन की, आठ दिवस थांबा."

त्यानं फोटो पुन्हा निरखला. पडद्याआडून श्वासाचाही आवाज येत नव्हता. शेवटी त्यानं आपला कोट उचलला. "नको," म्हणाला आणि निघाला. कोपऱ्यापर्यंत जाईतो तीनदा मागे वळून पाहिलं त्यानं. तो दिसेनासा झाल्यावरच मी पडदा सरकवला. काजू खाली बसली होती. डावा हात तिनं पोटाशी घट्ट धरला होता.

त्याच दुपारी मी पेज काढून टाकलं, लेकीकडून दोनदा खात्री करून घेतली. पण फोटो त्याच्या फोनमध्ये आहे, आणखी कुणाकुणाच्या आहे देव जाणे. तो परत येईल म्हणून काजूचा मुक्काम माझ्या बहिणीकडे हलवला आणि काम तिकडेच पोचवायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी कापड घेऊन गेले, तर ती चिंधीवर काज करत बसली होती. वेडंवाकडं, नवशिक्या पोरीनं करावं तसं. सुई उजव्या हातात होती.

"हे गं काय?"

"नाव बदललं, नंबर बदलला. एवढंच राहिलं होतं."

"अगं, पेज काढून टाकलंय मी."

"पेज काढून टाकलंत, ताई. पण माझा हात जिथे जाईल तिथे माझं नाव सांगणार."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्यासारखं काज मला उभ्या जन्मात जमलं नाही, जमणारही नाही. मी तिच्या शेजारी बसले, तिची बोटं हातात घेतली आणि सुई उजव्या हातात कशी धरायची ते तिला दाखवायला लागले.