काठावरचं नाव

आज यवतवर दाट धुई उतरलीय. हायवेवरच्या गाड्या नुसत्या ऐकू येतात, दिसत नाहीत. मोरीत मी उपडा पडलोय. मी एक स्टीलचं ताट. मला तोंड नाही, तरी आज बोलतोय.

मी रुखवतातला. मांडवगण फराट्याच्या एका बापानं मला शिरूरच्या बाजारातून घेतलं आन् काठावर लेकीचं नाव घालून घेतलं, 'तेजश्री'. पोरीनं त्या नावावर बोट फिरवून बघितलं होतं. तेव्हा मला वाटलं, आपण हिचे.

लग्नानंतर तिनं मला नवऱ्यापुढं ठेवलं, विनोदपुढं. आईनं सांगून धाडलं होतं, नवऱ्याच्या ताटात जेवावं, माया वाढते. विनोद कुरकुंभला कंपनीत शिफ्टला जायचा. जेवून उठताना तिच्यासाठी चांगला घास मागं ठेवायचा. मटणाची नळी, अर्धं अंडं, कधी भाताखाली दडवलेली साय. ती हुडकायची आन् एकटीच हसायची. माझे ते दिवस बरे गेले.

मग विनोदला तालुक्याच्या शरीरसौष्ठव स्पर्धेत उतरायचं मनात आलं. जिमचे हनुमंत सर म्हणाले, "लेका, मेहनत बैलाची आन् खाणं चिमणीचं? कॅलरी पुऱ्या पडल्या न्हाईत तर अंग धरणार न्हाई. ताटात काय ठिवायचं न्हाई."

त्या दिवसापासून माझ्यावर भाताचा ढीग, अंडी, चिकन, शेंगदाणे. भूक नसली तरी तो रेटायचा. घास घशाशी यायचा, डोळ्यांत पाणी यायचं, तरी थांबायचा नाही. शेवटी मला बोटानं निपटून दाखवायचा.

"बघ तेजू, शीत ठिवलं न्हाई."

"शाब्बास माझ्या पहिलवाना!"

तो आरशापुढं दंड बघायला जायचा, आन् ती माझ्यापुढं बसायची. चटणी-भाकरी. भाकरीचा तुकडा रश्श्याच्या डागावरनं फिरवायची. तिला तेव्हा दिवस गेले होते.

"जेवलीस का गं?" तो आतून विचारायचा.

"जेवले की, तुमच्याच ताटात."

ती खोटं बोलत नव्हती. तो वळून बघत नव्हता.

शेजारची म्हातारी सरूबाई एकदा रागावली, "दोन जिवाची हाईस पोरी. तुझं येगळं वाढून घे."

"त्यांची स्पर्धा हुंद्या मावशी. मग मीच हाय खायाला."

सातव्या महिन्यात मला घासताना तिला भोवळ आली. मी फरशीवर खणाणत गेलो. दौंडच्या दवाखान्यात तिला नेलं, पण पोर वाचलं नाही. अंगात रक्तच नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या म्हणे. बाप येऊन तिला माहेरी घेऊन गेला.

जेवणाऱ्या माणसांनो, माझं एवढंच मागणं. ताट निपटायच्या आधी एकदा मागं बघा. कुणीतरी बसलेलं असतं.

विनोद उठलाय. त्यानं अंडी उकडली, मला धुऊन पुढ्यात घेतलं. सवयीनं खायला लागला. मग एक अंडं बाजूला सारलं आन् त्याच्याकडं बघत बसला.

सरूबाई भाकरी घेऊन दारात आली.

"मावशी," तो म्हणाला, "म्या तिला कवा खाऊ नगं म्हणलं व्हतं का?"

म्हातारीनं भाकरी खाली ठेवली. पदरानं माझा काठ पुसला.

"न्हाई रं बाबा. पर ताटावर नाव कुणाचं हाय, ते तरी कवा वाचलंस?"